वास उडाल्याचा आळ

"मावशी, आज सेंटने आंघोळ केलीस की काय?" दारात पाऊल टाकताच भाची म्हणाली.

"चल, काहीतरीच तुझं! या बाटलीतला वासच उडालाय," म्हणत मावशीने मला आणखी दोनदा दाबलं.

मित्रांनो, ती बाटली म्हणजे मी. साधी, रोजच्या वापराची. कारखान्यात मला भरणाऱ्या बाई कागदाच्या पट्टीवर माझा थेंब टाकून हुंगायच्या आणि म्हणायच्या, "आधी लिंबू, मागून मोगरा. जमलं!"

मग मी मावशीच्या शिलाई मशीनशेजारच्या फळीवर आले. सकाळी दोन फवारे, की मशीन सुरू. माप द्यायला आलेल्या बायका विचारायच्या, "कुठला गं हा सेंट?" मी नुसती फुलून जायचे.

मावशीच्या एका मोठ्या सर्दीनंतर मात्र दोनाचे सहा फवारे झाले. वास भरपूर होता हो माझ्यात! पण आळ आला, तो माझ्यावरच. शेवटी बटणांच्या डब्यामागे माझी रवानगी झाली.

भाची सहा महिन्यांच्या बाळाला मावशीकडे ठेवून कामाला जायची. एक दिवस ती लवकर परतली. बाळ पाळण्यात झोपलेलं, मावशी शेजारीच काज करत बसलेली, आणि आत दूध उतू जाऊन शेगडी विझलेली. घरभर गॅस! भाचीने बाळाला उचललं, मावशीला बाहेर ओढलं, धावत जाऊन गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या.

"मावशी, तुला वास नाही आला?"

"सर्दीपासून कशाचाच येत नाही गं." मावशी बाळाकडे बघत म्हणाली, "सांगितलं असतं, तर तू बाळ ठेवलं नसतंस माझ्याकडे."

भाची रडली, रागावली, आणि मग म्हणाली, "ठेवीन. पण आधी डॉक्टर."

विजेची शेगडी आली. डॉक्टरांनी सांगितलं, रोज नाकाला ओळखीचे वास द्या. तेव्हा डब्यामागून मलाही बाहेर काढलं. लवंग, साबण, आणि शेवटी मी. कित्येक आठवडे मावशी नुसती नकारार्थी मान हलवायची.

गेल्या मंगळवारी ती थबकली. "थांब... आंबट काहीतरी!"

"लिंबू, मावशी, लिंबू!" भाची इतक्या जोरात ओरडली, की बाळाने भोकाड पसरलं.

मोगरा अजून यायचाय. येईल.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाला हल्ली करपलेलं कळत नसेल, तर थट्टा करू नका. आजच त्यांना डोळे मिटायला सांगा, लिंबाची साल नाकाशी धरा आणि विचारा, "ओळखा बरं, काय आहे?" उत्तर येईपर्यंत जवळच बसा.