जंगूचा हूं

सकाळपासून सुकरीचं डोकं तापलं होतं. चामोर्शीच्या सभागृहात पाहुण्यांची वाट पाहून पाहून दारातल्या केळीच्या खांबांनीसुद्धा माना टाकल्या होत्या. सत्कार म्हणे गोष्टी सांगायला शिकलेल्यांचा, अन् माइक सोडत नव्हते ते सगळे दुसरेच. आधी एक साहेब, मग त्यांचे साहेब. त्यातला एक तर जंगल अन् संस्कृती, संस्कृती अन् जंगल, एवढंच घोळवत बसला.

प्रमाणपत्राचं सुकरीला काही पडलं नव्हतं. तिचा जीव अडकला होता शेवटच्या रांगेत. तिथे तिचा बाप जंगू बसला होता, खांद्यावर नवा दुपट्टा टाकून, मुलचेऱ्याकडच्या गावातून पहिली बस धरून आलेला. दोन डोंगरांच्या भांडणाची गोष्ट गावात एकट्या त्यालाच येत होती. त्यांच्या घरची रीत अशी, की सांगणाऱ्याने एक ओळ सांगायची, ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणायचं, मगच पुढची ओळ. हूं थांबला की गोष्ट थांबली. अन् जुन्या सांगणाऱ्याने नव्याला शेवटपर्यंत हूं दिला, की गोष्ट नव्याची झाली. जंगू कित्येक वर्षं टाळत आला होता. "पोरीले काऊन देऊ?" म्हणायचा. पोरगी गोष्टी सांगायचं शिक्षण पुरं करते आहे हे कळलं, तेव्हा कुठे मऊ पडला. म्हणाला, "चार लोकाइसमोर सांग. मी देतो हूं."

दुपार कलल्यावर एकदाचं तिचं नाव पुकारलं. कार्यक्रम घेणाऱ्या संस्थेच्या रश्मी मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "रेकॉर्डिंग सुरू आहे. सगळ्यांनी अगदी शांत बसायचं हं."

"दोन डोंगर होते. सख्खे भाऊ," सुकरीने सुरुवात केली.

"हूं," मागून आला. चांगला भरदार.

"दोघाइच्या मधून एक नदी वाहे."

"हूं."

लोकांनी माना वळवल्या. कोणी हसलं. संस्थेचा प्रफुल्ल वाकत वाकत मागे गेला, जंगूच्या कानाशी लागला अन् स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून त्याला दाखवलं. जंगूने मान खाली घातली.

"नदी एक दिवस म्हनली..." सुकरी बोलली अन् वाट पाहत राहिली. हूं आला नाही. सभागृह कसं अगदी शिस्तीत गप्प बसलं होतं.

"माह्या बाले बोलू द्या न," ती माइकमध्येच म्हणाली. "मले हूं पायजे."

"घाबरू नकोस गं, छान चाललंय," मॅडम म्हणाल्या अन् त्यांनी धीर द्यायला टाळ्या सुरू केल्या. सगळ्यांनी वाजवल्या. सुकरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घाबरली कोण होती इथे? पण समजावून सांगायला वेळ कोणाला होता? भाषणांनी तो केव्हाच खाल्ला होता. तिच्या हातात प्रमाणपत्र आलं, फोटो निघाला अन् पुढचं नाव पुकारलं गेलं.

परतीच्या बसमध्ये बापलेकीला शेजारी जागा मिळाली. चामोर्शी मागे पडली तसा सुकरीचा राग थोडा निवला. तिने बापाकडे पाहिलं.

"बा, आता सांगू? इथी कोनी अडवत नाई."

जंगूने मान डोलावली.

"दोन डोंगर होते. सख्खे भाऊ."

जंगूने आधी पुढच्या सीटवर पाहिलं, मग मागच्या. ओठ हलले, पण आवाज निघाला नाही.

"हूं म्हन न, बा."

"नको माय," तो हळूच म्हणाला. "लोकाइले तरास होते. इतके वर्स हासतच असन लोक. मलेच समजलं नसन."

"मंग घरी देशीन?"

"घरीबी तू सांग. मी गप आयकतो. आता तसंच आयकाचं असते म्हनते."

सुकरीने पहिली ओळ पुन्हा म्हटली अन् थांबली. जंगू मांडीवर हात ठेवून, ओठ घट्ट मिटून, मन लावून ऐकत होता. दुसरी ओळ तिला सांगता येईना.