आतून लागणारी कडी

सुताराने शेवटचा स्क्रू पिळून काढला आणि बाथरूमच्या आतली कडी आईच्या हातावर ठेवली. दुकानातल्या कामावरून नुकतीच आलेली धाकटी चपला न काढता तिथेच उभी राहिली.

"बिघडली का?" तिने विचारलं.

"बिघडतेय कसली! चांगली दणकट आहे," सुतार म्हणाला. "मी म्हटलंसुद्धा, लोक मला कड्या लावायला बोलावतात, तुम्ही काढायला."

आई हसली नाही. कडी मुठीत आवळून ती म्हणाली, "जुनी झाली होती." आणि सुताराला पाणी द्यायला म्हणून जी स्वयंपाकघरात गेली, ती तो जाईपर्यंत बाहेर आलीच नाही.

जेवताना तर कहरच झाला. बाबांनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठीसुद्धा कधी फळ कापलं नव्हतं. आज त्यांनी सफरचंद सोलून फोडी तिच्या पुढ्यात ठेवल्या. एरवी 'कार्टे' म्हणणारा माणूस चक्क 'बाळा' म्हणाला. कुणी मोठ्याने बोलेना.

"खा गं," आई म्हणाली. "मावशीपण म्हणत होती, हल्ली पुष्कळ मुलींना असं..." आणि तिने जीभ चावली.

धाकटीने ताईकडे पाहिलं. ताई मान खाली घालून मिठाच्या डबीचं झाकण पुन्हा पुन्हा लावत होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

केसाने गळा कापणं कशाला म्हणतात, ते धाकटीला त्या टेबलाशी कळलं. तरी तिने ताटातलं सगळं संपवलं. ठरल्या वेळचं जेवण सोडायचं नाही, हा नियम होता.

जेवलेलं मुद्दाम ओकून टाकायच्या तिच्या आजारावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या नव्हत्या. एक पुस्तक दिलं होतं. आठवड्याला एक प्रकरण वाचायचं, त्यात सांगितलेलं आपलं आपणच करून बघायचं, आणि दर गुरुवारी एक मॅडम फोन करून विचारपूस करणार, अडलं तर वाट दाखवणार. वेळच्या वेळी खायचं. आणि खाल्लेलं उलटून टाकावंसं वाटलं की ती वेळ कशी ढकलायची, तेही शिकायचं. सुरुवातीचीच अट मात्र सगळ्यांत अवघड होती: घरातलं एक माणूस निवडा आणि त्याच्यापासून काही लपवू नका. तिने ताई निवडली होती. स्वतःच्या पायांकडे बघत, अडखळत तिने सगळं सांगितलं, तेव्हा ताईने तिला जवळ घेतलं होतं. कुणापाशी ब्र काढणार नाही, म्हणाली होती.

खोलीत आल्यावर धाकटीने दार लोटलं.

"सांगितलंस."

"फक्त आईला."

"हो ना! आईने फक्त मावशीला. मावशी फक्त गावाला सांगेल. शाब्बास, ताई!"

"मग काय करायला हवं होतं मी?" ताईचा आवाज चढला. "दर गुरुवारी आत जाऊन कडी लावतेस. नळ सोडतेस. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून आधीही असाच सोडायचीस ना? मला कळत नाही? पुस्तक माझ्यासमोर वाचायचं, आणि आत जाऊन पुन्हा तेच!"

धाकटीच्या हातातला फोन थरथरला. गुरुवारच होता.

ती तशीच बाथरूममध्ये गेली. दार लोटलं, पण आता ते थोडं उघडंच राहिलं. उपड्या बादलीवर बसून तिने सवयीने नळाकडे हात नेला आणि मागे घेतला. ताई पाठोपाठ दाराशी आली होती.

"हो मॅडम, बोला," धाकटी म्हणाली. "नाही, आज नळ नाही सोडला. आता सगळ्यांना ऐकू गेलं तरी चालेल."

दाराबाहेर ताईने कान दिला.

दुकानात कपडे उसवून सैल-घट्ट करताना मालकीण शेजारी असायची. तिथे फोनवर कसलं बोलणार? घरी बाहेरच्या खोलीत बाबांचा टीव्ही, स्वयंपाकघरात आई, आणि खोली दोघींची. ताईला सगळं सांगितलं होतं खरं, पण तिच्यासमोर मॅडमशी बोलायला जीभ रेटत नव्हती. आतून कडी लागणारी जागा ही एवढीच.

"नाही," धाकटी फोनवर सांगत होती. "या आठवड्यातही एकदाही नाही. वाटलं होतं, पण नाही केलं. गेल्या महिन्यातही नाही."

ताईने दार आणखी थोडं ढकललं.

"अगं, मला वाटलं..."

धाकटीने फोनवर हात ठेवला.

"एकदा दार वाजवायचं होतंस."

तिचे डोळे भरून आले. ते तिने खांद्याला पुसले आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"मॅडम, ते घरातलं एक माणूस निवडलं होतं ना, ते बदलता येतं का?"

मॅडम बराच वेळ बोलत होत्या. त्या काय म्हणाल्या, ते ताईला ऐकू आलं नाही. धाकटी फक्त हं, हं करत होती.

"नाही," ती म्हणाली. "दुसरं कुणी नाहीये मला."