हँडल उजवीकडं, गाडी डावीकडं

इंग्लंडातल्या शर्यतीच्या गाड्यायले ब्रेकच नसते, असं गोविंदाभाऊनं सांगितलं तवा मी म्हटलं, "ब्रेक तं आमच्या बाबाच्या सायकलीलेही नाही. मंग आम्ही इंग्लंडातले का?"

सगळे हासले. गोविंदाभाऊ नाही हासला. तो टीमचा कॅप्टन होता ना.

गोविंदाभाऊ ट्रकचा मिस्त्री. वाडीत आमचं पंचरचं दुकान अन् त्याचं गॅरेज, भिताडाले भिताड लागून. कामठीच्या मिलिटरी छावणीची रद्दी त्याच्याकडं हात पुसाले येते. त्यात त्याले एक इंग्रजी मासिक सापडलं. तिकडच्या एका मोटरसायकल टीमचा अख्खा इतिहास, फोटोसहित. सुरवातीले चामड्याच्या टोप्या घातलेले पोरं. मंग पान पलटलं का तोंडं बदलते, पण छातीवरचा वाघ तोच. आखरीच्या पानावर मैदान विकलं गेलं, अन् गाड्यायच्या जागी कुत्र्यायची शर्यत.

"कुत्रे, बे!" गोविंदाभाऊ असा बोलला, जसं त्याच्या आज्याचं वावर गेलं.

त्याच दिवशी त्यानं वाडीची टीम काढली. अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा होता. चंपतराव मालकाच्या गोदामामागं मोकळी जागा, तिथं टायर लावून अंड्यासारखा गोल रस्ता केला. ट्रकवर नंबर काढणाऱ्या पेंटरनं चार बनियनवर वाघ काढले. मांजरीसारखे दिसत होते, पण मले त्यातला एक पाहिजे होता. लय पाहिजे होता. नववीत शाळा सोडल्यापासून दुकानात आलेली हरेक राजदूत फटफटी मीच टेस्टिंगले फिरवत होती. पण टायर आमचे म्हणून मले काम काय भेटलं? बालटीनं पाणी शिपडाचं, धूळ उडू नये म्हणून.

पाणी शिपडता शिपडता मी पायत होती. वळण आलं का आमची टीम बैलगाडीसारखी हळू होये, नाहीतं पडे. फोटोतले पोरं तं आडवे होऊन उडत होते.

"हँडल पाह्य ना," गोविंदाभाऊनं फोटोवर बोट ठेवलं. "उजवीकडं आहे. म्हणजे गाडी उजवीकडं चालली. आपणही उजवीकडंच फिरून राहिलो. मंग चुकते काय?"

"गाडी डावीकडं चालली भाऊ. पाह्य, डाव्या बुटाखाली लोखंड आहे. घासून घासून चमकून राहिलं. अन् माती उजवीकडं उडून राहिली."

"तो पडून राहिला वं."

"सगळेच पडून राहिले? मंग पडणाऱ्यायचा इतिहास काहून छापला?"

"हँडल एकीकडं अन् गाडी दुसरीकडं, असं कुठं असते का?"

"ट्रॅक्टरवाला ट्रॉली मांगं घेते तवा काय करते? स्टेरिंग उजवीकडं, ट्रॉली डावीकडं. रोज पायते ना तू!"

"ते ट्रॉली आहे. तू पाणी शिपड."

मी शिपडलं. पुरी बालटी, त्याच्याच डोक्यावर.

मंग मैदानावर पाय ठेवाले मले बंदी झाली.

घरी आली, मायचं जुनं घमेलं घेतलं, छिन्नीनं कापलं. ठोकून ठोकून डाव्या चपलेच्या मापाचं केलं अन् ट्यूबच्या पट्टीनं पायाले आवळलं. बाबा म्हणे, "प्रेमिला, माय तुले मारन." मी म्हटलं, "मारू दे."

दुसऱ्या दिवशी चंपतराव मालक राजदूत पंचरले टाकून तर्री-पोहे खाले गेला. मी पंचर काढलं अन् गाडी सरळ मैदानावर नेली. बंदी गेली खड्ड्यात. पहिल्यांदा पडली. दुसऱ्यांदा पडली. मंग डावा पाय टेकवला, हँडल उजवीकडं दाबलं अन् ॲक्सिलेटर सोडलाच नाही. मांगचं चाक घसरलं, गाडी आडवी झाली, अन् वळण असं कापल्या गेलं जसं कोणी विळ्यानं कापलं.

"हाऽऽण!"

टायरांपाशी चंपतराव उभा! मले वाटलं, आता कानाखाली बसते. पण हा माणूस त्याच्या गावच्या शंकरपटात बैलजोड्या सुटताना ओरडणारा. त्याचे डोळेच बदलले होते. गोविंदाभाऊ धावत आला अन् आमचं पुन्हा जुंपलं.

"चूप!" चंपतराव म्हणे. "पटावर भांडण तोंडानं मिटत नाही. जोडी सोडा. एकाच रेघेवरून एक उजवीकडं, एक डावीकडं. जो पयले रेघेवर वापस येईन, त्याचं खरं."

"मी जिंकली तं बनियन," मी म्हटलं.

"अन् हारली तं जिंदगीभर पाणी," गोविंदाभाऊ म्हणे. "पण तू आतून जाशील, मी बाहेरून. मराचं नाही मले."

रेघेवर पाठीले पाठ लावून आम्ही उभे राहिलो, मी मालकाच्याच राजदूतवर, तो त्याच्या गाडीवर. ट्रकवाले चहा सोडून आले. चंपतरावनं दुपट्टा खाली पाडला.

पहिलं वळण मी आडवंच मारलं, घमेल्यातून ठिणग्या. सरळ रस्त्यावर गाडी ताणली. समोर पायते तं गोविंदाभाऊ अजून त्याच्या पहिल्या वळणातून हळूहळू निघून राहिला! तेच माझं दुसरं. मी आतून, तो बाहेरून. त्याच्या नाकासमोर मी गाडी आडवी घसरवली, हँडल उजवीकडं, माती त्याच्या अंगावर.

त्यानं माझ्याकडं पाह्यलं. पायतच राह्यला. अन् सरळ टायरांत घुसला.

मी रेघ पार केली अन् धावत गेली. टायरांतून नुसतं डोकं बाहेर होतं.

"लागलं का गा भाऊ?"

"फोटो," तो म्हणे. "सेम फोटो होता वं. वळाचंच भुललो मी."

टायरांतून निघाला, अंगातलं बनियन काढलं अन् माझ्या हातात देलं. घामानं ओलं, मातीनं भरलेलं. मी कपड्यावरूनच घातलं. मंग तो पोरायकडं फिरला. "पायता काय बे? उद्यापासून डावीकडं. अन् हरेकानं घरून एकेक घमेलं आणाचं. प्रेमिला कापून देईन."

आणले त्यायनं. संध्याकाळी पुऱ्या वाडीत मायायच्या शिव्या ऐकू येत होत्या. सगळ्यात मोठा आवाज माझ्या मायचा होता.