काचेची आतली बाजू

वर्तमानपत्राचा डावा कोपरा कोरडा होता. उजवाही. तरी नेव्हिलनं कडेनं बोट फिरवून पाहिलं, बोट शर्टाला पुसलं आणि पुन्हा फिरवलं — माशांची टाकी गळायची असली तर ते आधी खालच्या कागदाला कळतं, डोळ्यांना नंतर. पाणी भरून दोन दिवस झाले होते. चारही बाजूंना तपकिरी काच, सांध्यांना काळं सिलिकॉन, आणि थेंबभर पाणी बाहेर नाही. इतकं धड काम आपल्या हातून झालंय यावर त्याचा विश्वास बसत नव्हता.

काच कारखान्याची होती. साखर कारखाना पाडला तेव्हा दारं-खिडक्या कचरा डेपोच्या दुकानात विकायला आल्या, आणि तिथं मोडक्या सायकलींच्या मागे त्यानं या काचा बघताक्षणी ओळखल्या. प्रेंटिससाहेबाच्या केबिनच्या. ती केबिन गोदामाच्या पार माथ्यावर होती. तेवीस गाळप हंगाम त्यानं तिच्याखाली मान घालून साखर ओढली. इतक्या खालून काचेत नुसता छताचा उजेड दिसायचा, साहेब आत आहे की नाही ते कळायचं नाही, म्हणून तो आहेच असं धरून चालायचं... त्या काचेला सगळे 'डोळा' म्हणायचे. आता डोळ्यात मासे पोहणार, या विचारानं तो घरी येईपर्यंत हसत होता.

पण काल ओढ्यातले दोन मासे सोडले आणि ते नाहीसेच झाले. वरून पाहिलं तर होते. समोरून नुसती काच. निदान समोरची बाजू तरी साधी लावायला हवी होती, पण स्वस्तात मिळालं की माणसाची अक्कल चरायला जाते. त्यानं शेडमधला दिवा ओढून काचेसमोर धरला. मासे दिसले नाहीत. दिसला तो स्वतः — चष्मा, पांढरे खुंट, उघडं तोंड.

दिवा हातात तसाच राहिला. केबिनमध्ये दिवसभर ट्यूबलाइट जळायच्या. गोदामात अंधार. उजेडात बसलेल्याला या काचेतून अंधारातलं काही दिसत नाही... वीतभरावरचा मासा दिसत नाही. मग साहेबाला कार्मेलो कसा दिसला?

कार्मेलो म्हणजे नेव्हिलचा कामावरचा जोडीदार. त्या हंगामात कार्मेलोची बायको मॅके शहरातल्या इस्पितळात होती, आणि तो रात्र रात्र तिच्याजवळ बसून सकाळी कामावर यायचा. जेवणानंतर साखर वाहणाऱ्या पट्ट्यामागे ताडपत्री अंथरून वीस मिनिटं झोपायचा. एका शुक्रवारी प्रेंटिस जिना उतरला तो इकडं-तिकडं न बघता थेट ताडपत्रीपाशी गेला. नोकरी गेली, कार्मेलो खाणीवर ट्रक चालवायला गेला, आणि बायको गेली तेव्हा तो चारशे किलोमीटरवर होता. डोळ्यानं खाल्लं त्याला, असं सगळे म्हणाले. कार्मेलोही म्हणाला.

ताडपत्रीची जागा दोघांनाच माहीत होती. दोघांनाच — नाही. आपणच बायकोला, डॉरीनला, सांगितलं होतं. जेवताना, हसत हसत. कार्मेलो कसा घोरतो त्याची नक्कलसुद्धा करून दाखवली होती. आणि डॉरीन दर गुरुवारी क्लबाच्या हिरवळीवर प्रेंटिसच्या बायकोबरोबर बोल्सचे गोळे घरंगळवत खेळायची.

डॉरीन चहा घेऊन आली. तिचा हात स्थिर आहे का, ते त्यानं आधी पाहिलं. स्थिर होता. जरा जास्तच.

"प्रेंटिसच्या बायकोशी तू काय बोलायचीस गं?"

तिनं कपाचा कान त्याच्याकडं वळवला.

"तू मला जे सांगायचास तेच," ती म्हणाली. "माझ्याकडं दुसरं होतं काय बोलायला?"

आणि कप ठेवून गेली. साधं उत्तर होतं. साधी उत्तरंच कुठून धरावीत ते कळत नाही. तिनं सांगितलं असेल तर बोलली ती, पण शब्द कोणाचे होते?

फाटक वाजलं. कार्मेलो बादली सांभाळत आत आला. आज मासे आणायचं त्यानंच कबूल केलं होतं. दिवा बंद करावा, टाकीवर गोणपाट टाकावं... पण नेव्हिल जागचा हलला नाही. कार्मेलोनं वाकून काचेवर टिचकी मारली.

"डोळ्याची ना रे ही?"

"हो."

त्यानं काचेला नाक लावलं. बराच वेळ.

"यातून तर काहीच दिसत नाही, नेव्ह."

"दिवा चुकीच्या बाजूला आहे," नेव्हिल म्हणाला.

"हो," कार्मेलो सरळ न होता म्हणाला, "साहेबाचाही होता."

मग त्यानं बादली उचलली आणि सावकाश, एकेक करून मासे आत सोडले. साहेबाला वरून काही दिसणं शक्यच नव्हतं हे कार्मेलोला आज कळलं, की खाणीवरच्या त्या सगळ्या वर्षांत माहीत होतं — आणि तरी तो दर नाताळला आईच्या पद्धतीचा केक घेऊन येत राहिला? काचेत दोन चेहरे शेजारी शेजारी दिसत होते. त्यातला कार्मेलोचा आपल्याकडे पाहतोय का, एवढंच नेव्हिलला पाहायचं होतं. पण तेवीस हंगामांची सवय. त्या काचेसमोर त्याची मान आपोआप खाली गेली.