खिरीखालचं पिठलं

सुदाम घोंगडेनं पातेल्यातली करपलेली खीर खरवडून काढली, तर खाली गेल्या वर्षीचं पिठलं निघालं. तेही करपलेलंच. लसणाचा वास मात्र ताजा होता.

"हे आपलं नाही," सुदाम म्हणाला.

"पातेलं तरी कुठं आपलंय?" हिरा, म्हणजे त्याची बायको, म्हणाली. "लोकाच्या भांड्याचा तळ उकरू नये माणसानं."

पातेलं शेजारच्या शेवंताकाकूंचं. दहा लिटरचं, जाडजूड स्टीलचं. एवढं मोठं गल्लीत दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. सुदामनं ते काल कॅरम मंडळाच्या खिरीसाठी आणलं, गॅसवर चढवलं आणि "एकच गेम" म्हणून खाली गेला. राणी घेतली, कव्हर काही होईना, आणि तेवढ्यात इकडं खीर लागली.

आता झाली पंचाईत. आज काकूंचा जावई धोंड्याच्या महिन्याचं जेवायला यायचा होता. रुसलेला जावई. तीन वर्षं फिरकला नव्हता, आणि काकूंची मंदा तीन वर्षं आईकडं भाज्या निवडत बसली होती. त्यानं निरोप धाडला होता, जेवण मनासारखं झालं तर मंदाला घेऊन जाईन. सकाळीच काकू दारात येऊन सांगून गेल्या होत्या, "दहाला पातेलं दे रे बाबा. बासुंदी आटायला वेळ लागतो. एकला येतायत ते. माझ्या पोरीचा संसार आहे त्या पातेल्यात."

सुदामनं पिठल्यावर खायचा सोडा टाकला, लिंबू पिळलं, पाणी उकळलं. पिठलं पापडासारखं सुटून आलं. आणि भिंतीला टेकून, मांडी घालून एक माणूस बसलेला दिसला. गॅसची टाकी पोचवणारा होता.

"काकू म्हणाल्या होत्या, पिठलं-भाकरी खाऊन जा," तो म्हणाला. "मग पिठलं करपलं, आणि माझी चहावर बोळवण झाली. बसतो मी."

"पण हे आमचं घर आहे."

"पातेलं तेच आहे ना?"

हिरानं त्याच्यापुढं ताट ठेवलं. मांडी घालून बसलेल्याला ऊठ कसं म्हणायचं?

पिठल्याखाली बासुंदी होती. वेलदोड्याचा वास आला तशी हिरानं कपाळाला हात लावला. "अगं बाई! म्हणजे ही करपली म्हणून रुसला होय जावई!"

सुदामनं कांद्याची सालं घालून पाणी खळखळ उकळलं, लाकडी उलथन्यानं खरवडलं. बासुंदी निघाली, आणि टाकीवाल्याशेजारी जावई बसला. तीन वर्षांनी तरुण, डोक्यावर केस जास्त, तोंड फुगलेलं.

"जावईबापू, तुम्ही तर एकला येणार होता," सुदाम म्हणाला.

"तो वेगळा. तो येईल एकला. पण मी इथं उपाशी बसलोय तोवर त्याचा रुसवा जायचा नाही."

सुदामला हे पटलं. हिरानं लगेच घरच्या छोट्या पातेलीत अर्धा लिटर दूध आटवलं, साखर घातली, वाटी पुढं केली. जावयानं ती बोटानं बाजूला सारली.

"ह्याच पातेल्यातली पाहिजे. जिथं करपली तिथंच झाली पाहिजे."

"अहो, पण तळ काळा आहे!"

"मग घासा."

साडेदहा झाले होते. सुदामनं तारेची घासणी घेतली. बासुंदीखाली मसालेभात निघाला, आणि भाताबरोबर बावीस माणसं. बारशाला आली होती. पहिली पंगत जेवून उठली आणि दुसरीला भात लागला, ती ही दुसरी पंगत. त्यांनी स्वयंपाकघरात दोन रांगा केल्या. एक आजोबा सुदामच्या पायावरच बसले.

"आजोबा, पाय."

"राहू दे, मऊ आहे."

हिरा फ्रीजवर चढून बसली आणि तिथनं ताटं वाटायला लागली. ताटं संपली, मग डब्यांची झाकणं दिली, मग परात तिघांत मिळून. मसालेभाताखाली साबुदाण्याची खिचडी होती. एकादशीची सात माणसं ओट्यावर बसली. त्याखाली मटणाचा तांबडा रस्सा, आणि तो खायला आलेली माणसं. त्यांना एकादशीवाल्यांपासून लांब बसायचं होतं, पण लांब असं काही शिल्लक राहिलं नव्हतं.

"थांबा आता! घासू नका!" हिरा वरून ओरडली.

"थांबलो तर ह्यांच्यासाठी शिजवू कशात?"

सुदामचा हात पातेल्यात कोपरापर्यंत गेला होता. मग खांद्यापर्यंत. शेवटी त्यानं पातेलं आडवं केलं आणि डोक्यासकट आत शिरला. बाहेर पंगतीनं झाकणं वाजवायला सुरुवात केली.

"काय रे, झालं का?" काकूंचा आवाज आला. दारातनं आत पाऊल टाकायला जागा नव्हती.

"तळ सापडत नाही काकू!"

"तळ? अरे मुडद्या, तळापर्यंत घासायला तुला सांगितलं कुणी? पाणी घालून ठेवायचं आणि वरवर हात फिरवायचा. चाळीस वर्षं मी तसंच करतेय!"

झाकणं थांबली. सगळी पंगत काकूंकडं बघायला लागली. काकूंनी एकेक तोंड ओळखलं आणि तोंडाला पदर लावला. जावयाकडं मात्र त्यांना बघवेना.

"बसा काकू," टाकीवाला म्हणाला. "वेळ आहे अजून."

पण वेळ नव्हता. एक वाजला होता, गल्लीत रिक्षा थांबली. मंदाचा आवाज आला, "आई, आले गं ते!"

सुदामनं होता नव्हता तो जोर लावला. शेवटचा पोपडा सुटला आणि बोटाएवढं स्टील दिसलं, चकचकीत. त्यानं बनियनच्या टोकानं ते पुसलं आणि डोळा लावला.

खाली दूध होतं. पांढरंशुभ्र, अजून न करपलेलं. पंपाच्या स्टोव्हवर हेच पातेलं, नवं कोरं, आणि त्यात दूध वर चढत होतं. शेजारी एक नवी सून, हातात हिरवा चुडा, नजर दुधावर खिळलेली. नाक काकूंचं.

"काकू!" सुदाम ओरडला. "दूध! हलू नका तिथनं!"

पातेल्यात त्याचा आवाज घुमला. खालच्या सुनेनं मान वळवली.

"कोण आहे?" ती म्हणाली. मग तिनं पदर सारखा केला, हात पुसले आणि "आले हं" म्हणत दार उघडायला गेली.

सुदाम ओरडत राहिला. दूध काठाशी आलं.