इसाकचं नाव कोणत्या बाजूला

"आधी हात धू, दिवा लाव, मग त्याला हात लाव. पिठीत बुडव, झटक आणि दाबून धर. घाई करू नकोस, देव कुठे पळून जात नाही."

मित्रांनो, हा आवाज माझ्या सुल्तानाचा. आणि ज्याला हात लावायचा, तो मी. मी एक जुना लाकडी शिक्का आहे, तळहाताएवढा, जर्दाळूच्या लाकडाचा. चर्चमध्ये अर्पण करायच्या गोल पावावर क्रूस आणि प्रभूच्या नावाची अक्षरं उमटतात ना, ती माझी.

माझा जन्म तुर्कस्तानात, कप्पादोकियातल्या एका दगडी गावात झाला. सुल्तानाच्या अंगणातलं झाड वठलं तेव्हा तिचे सासरे प्रोद्रोमोस यांनी त्याच्या खोडातून मला कोरलं. माझी अक्षरं उलटी आहेत, पावावर ती सुलटी येतात. मला कोरत होते तेवढे दिवस ते उपास करीत. सुल्ताना म्हणे, "मामंजी, शिक्का तयार होईपर्यंत तुम्हीच काडीसारखे व्हाल." ते हसत. "तू पाव भाज, मग बघ कसा भरून निघतो."

त्या घरात मी फार सुखात होतो. पण एके वर्षी दोन सरकारांनी ठरवलं, की तिकडच्या ख्रिस्ती लोकांनी ग्रीसमध्ये जायचं आणि ग्रीसमधल्या मुसलमानांनी तिकडे यायचं. सुल्तानाने मला झग्याच्या अस्तरात शिवलं, लहानग्या मुलाला, इसाकला, कडेवर घेतलं आणि दाराला कुलूप न लावताच नवऱ्यामागून निघाली. बोटीवर इसाकला ताप भरला. बंदरावरच्या छावणीत सगळ्यांचे केस कापले, आजारी पोरं वेगळ्या तंबूत नेली. सुल्तानालाही ताप आला. ती उठून उभी राहिली, तेव्हा तो तंबू तिथे नव्हता. ती तुर्कीत विचारत होती, लोक ग्रीकमध्ये उत्तर देत होते. आमचे लोक तुर्कीच बोलत, मित्रांनो, प्रार्थनासुद्धा तुर्कीतच करीत. इसाक गेला की राहिला, हे तिला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असेल, तर तिला कळलं नाही.

ग्रीसमध्ये लारिसाजवळच्या मैदानात आम्हाला घर मिळालं. निघून गेलेल्या मुसलमान कुटुंबाचं घर. चुलीत अजून त्यांची राख होती. सुल्तानाने ती ओंजळीने भरून अंजिराच्या मुळाशी घातली, मग आपला विस्तव पेटवला.

आता इथली एक रीत सांगतो तुम्हाला हा लाकडाचा तुकडा. पाव अर्पण करताना पाद्रीबाबांना घरातली नावं सांगायची असतात. एका बाजूला जिवंतांची, दुसऱ्या बाजूला गेलेल्यांची. प्रत्येक नावाला पाद्रीबाबा पावाचा एकेक कण काढतात आणि त्या त्या बाजूला ठेवतात. सुल्ताना प्रोद्रोमोसचं नाव गेलेल्यांत सांगे. इसाकचं मात्र जिवंतांत. दर वेळी.

विहिरीवर बायका कुजबुजत. "तुर्कीत प्रार्थना करते म्हणे. देवाला कळत असेल का गं?" सुल्ताना कळशी डोक्यावर घेत म्हणे, "माझा देव माझ्याच बोटीतून आलाय. त्याला येतं."

इथे तिला मुलगी झाली, मक्रिना. मक्रिना मला हाताळायला शिकली ती आईच्या मांडीवर. शेवटच्या आजारात सुल्ताना तिला म्हणाली, "पोरी, कुणी येऊन सांगत नाही तोवर इसाकला पलीकडे घालू नकोस." मक्रिनाने शब्द दिला, आणि न पाहिलेल्या भावाचं नाव ती जन्मभर जिवंतांत सांगत राहिली. पाद्रीबाबा बदलले. नव्या पाद्रीबाबांनी विचारलं, "इसाक कोण? कधी दिसले नाहीत." मक्रिना म्हणाली, "लांब असतो."

पुढे चौकात बेकरी आली. तिथे तयार पाव मिळू लागला, प्लॅस्टिकचे शिक्केही आले, हलके आणि गुळगुळीत. माझी कोणाला गरज उरली नाही. मी फळीवर जाऊन बसलो, मेणबत्त्यांच्या तुकड्यांशेजारी. फक्त मक्रिना सणावाराला मला खाली काढी, कोरड्या फडक्याने पुसी आणि ओठांशी नेई.

तिची नात इव्हान्थिया सालोनिकाला नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात ती आजीजवळ राहिली होती. मक्रिना अंथरुणातून म्हणाली, "मी गेल्यावर पितरांच्या शनिवारी तू पाव भाज. आणि इसाकला पलीकडे घाल."

"तूच का नाही घालत, आजी?"

"मी आईला शब्द दिलाय. तू नाही दिलास."

"ही तर वकिली झाली."

"देवापुढे थोडी चालते." मग तिने पांघरूण वर ओढलं. "त्याच्या नावाने कधी गेलेल्यांसाठीचा गव्हाचा नैवेद्य शिजला नाही गं. सख्खा भाऊ, आणि त्याचं तोंड पाहिलं नाही मी. मला पलीकडे एकटीला नको घालूस. त्याला माझ्या शेजारी सांग."

"आणि तो जिवंत असला तर?"

"तर शंभरीला टेकला असेल. त्यालाही विसावा नको का?"

इव्हान्थियाने तिचा हात धरला. "सांगेन," म्हणाली.

ईस्टरआधीचे मोठे उपास, लेंट, सुरू होण्याआधी मक्रिना गेली. घर आवरताना तिचा मुलगा लाझारोस मला उचलून म्हणाला, "हा निर्वासितांच्या संग्रहालयात देऊन टाकू. काचेत छान दिसेल."

"काका, मला तो हवाय. शनिवारी पाव भाजायचाय."

"तू? अंडं उकडताना पातेलं जाळणारी?"

शुक्रवारी तिने उपास केला, दिवा लावला, कणीक मळली. पण मला दाबून झाल्यावर कडेने काडीने भोकं पाडायला विसरली. भट्टीत पाव फुगला आणि वरचा थर टोपीसारखा सुटून आला. माझी अक्षरं मधोमध फाटली.

लाझारोस म्हणाला, "बेकरीतून आण. पाद्रीबाबा काय चव बघणार आहेत?"

"बेकरीवाल्याला इसाक माहीत नाही," इव्हान्थिया म्हणाली आणि तिने पुन्हा पीठ चाळायला घेतलं.

मित्रांनो, लाझारोसही वाईट नाही. त्याने नंतर मुकाट्याने भट्टीत लाकडं सारली. मी एवढंच मागतो. माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू काचेत ठेवल्या तरी चालतील, पण आधी त्या कुणासाठी हाती घेतल्या जात होत्या ते विचारून घ्या. सांगणारा माणूस घरात आहे तोवर त्याच्याजवळ बसा. मला पाण्यात बुडवू नका, मी चिरतो. कोरड्या फडक्याने पुसा आणि कधीमधी पिठात घाला. निगा म्हणतात ती हीच.

दुसरा पाव नीट आला. उजाडल्यावर इव्हान्थियाने तो पांढऱ्या फडक्यात बांधला. टेबलाशी उभी राहून तिने हलक्या आवाजात नावं म्हणून पाहिली. जिवंतांत लाझारोस, तिचे आईवडील, ती स्वतः. मग गेलेल्यांत. प्रोद्रोमोस. सुल्ताना. मक्रिना. पुढचं नाव ओठांवर आलं तशी ती थांबली. इतक्या वर्षांत ते या बाजूला कुणी उच्चारलं नव्हतं. ते तिने टेबलाशी म्हटलं नाही, पाद्रीबाबांपुढे मक्रिनाच्या शेजारी म्हणायला राखून ठेवलं.

डोक्याला रुमाल बांधून, गरम पाव छातीशी धरून ती चर्चच्या वाटेला लागली.