दुसरी किल्ली

आमचे हे फौजेतून निवृत्त झाले आणि मालवाहतुकीच्या एका कंपनीत मॅनेजर म्हणून लागले. लागले म्हणजे काय, तर पहिल्याच दिवशी उजाडायच्या आत ऑफिसच्या दारात जाऊन उभे राहिले. झाडूवाल्या बाईने येऊन कुलूप काढेपर्यंत यांनी अंगणातले सगळे ट्रक तपासून कुणाच्या आरशाला तडा आहे ते पाठ करून ठेवलं होतं.

तिथे सगळे यांना ‘मेजर’ म्हणत, निम्मे आदराने आणि निम्मे चेष्टेने. यांनी सांगितलेलं काम लोक मान डोलवून ऐकत आणि चहा प्यायला निघून जात. “अगं, होय म्हणतात आणि करत नाहीत!” असं घरी येऊन हे इतक्या नवलाने सांगत की मला हसू आवरत नसे. मालकांचा आवडता शब्द ‘बघू’. बघू म्हणजे नाही, हे माझ्या नवऱ्याला कळायला चार महिने लागले. मी म्हणायचे, “जन्म गेला हुकूम देण्यात आणि झेलण्यात. आता जरा माणसांत या.”

एकच माणूस पहिल्यापासून यांचा झाला, तो शिट्टी. ड्रायव्हर होता. ट्रक फाटकातून बाहेर काढताना शिट्टी वाजवायचा, म्हणून सगळे त्याला तेच म्हणत. क्वार्टरमधलं आमचं सामान या घरी त्यानेच आणलं. कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. हे वरून डावीकडे, उजवीकडे असे हुकूम सोडत होते, तर तो कपाटाखालून म्हणाला, “साहेब, तुम्ही जरा गप्प बसलात ना, तर कपाट आपलं आपण वर येईल.” मी हसून हसून बेजार झाले. हेही हसले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की निभेल इथे.

फौजेतली एक गोष्ट सांगायला हवी. यांच्या हाताखालचा जवान गेला आणि त्याचे घरचे जवळपास राहत असले, तर बातमी हे स्वतः घेऊन जात. मलाही नेत, कारण बाईजवळ बसायला बाई हवी. त्या दिवशी शर्टाला इस्त्री स्वतःच्या हाताने करत. दारात उभं राहून माणसाचं पूर्ण नाव घ्यायचं आणि सरळ सांगायचं. ‘जखमी आहे’, ‘दवाखान्यात नेलंय’ असला आडोसा घ्यायचा नाही. आणि आपल्याआधी तिला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. हे म्हणत, “माणूस तर आपण परत देऊ शकत नाही. निदान बातमी तरी नीट द्यावी.”

त्या सकाळी मी चहा गाळत होते. फोन आला. हे ऐकत राहिले, ‘बरं’ म्हणाले आणि फोन ठेवून इस्त्री काढली. काय झालं ते मला विचारावं लागलं नाही, कोण एवढंच विचारलं.

“शिट्टी,” हे म्हणाले. “घाटात ट्रक दरीत गेला. जागच्या जागी गेला. चल, तयार हो. त्याच्या बायकोला अजून कुणी कळवलेलं नाही.”

मी चहा तसाच ठेवून तयार झाले. दाराला कुलूप लावायचं, एवढ्यात यांनी मालकांना फोन केला. परवानगीसाठी नव्हे हो, वरिष्ठांना कळवायची सवय म्हणून. पलीकडून काय बोलले ते यांच्या चेहऱ्यावरच दिसलं.

“आधी ऑफिसला या म्हणतात. वकील येतोय. तोवर कुणी बाहेर एक शब्द बोलायचा नाही.”

“आधी तिच्याकडे चला,” मी म्हटलं. “ऑफिस कुठे पळून जात नाही.”

“हुकूम आहे.”

“कसला हुकूम? हा काय सेनापती आहे? उद्या भरपाई मागतील म्हणून घाबरलाय मेला!”

माझ्या जिभेला हाड नाही, हे खरंच. पण हे ऐकत असते तर! तिच्याकडे जा म्हणणारा तो फौजेतला हुकूमच होता आणि ऑफिसात थांब म्हणणारा हाही हुकूमच. तीस वर्षं ज्या सवयीने माणूस उभा ठेवला, तिनेच त्याला त्या दिवशी खुर्चीत बसवलं. “तासाभरात येतो,” म्हणून हे गेले.

मी पायात चपला घालून दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिले. दुपारी फोन आला. “अजून नाही. मालक म्हणतात, बघू.” मी फोन ठेवला. तिकडे त्या घरात ती बाई काय करत असेल ते डोळ्यांसमोरून हलेना. कपडे वाळत घालत असेल. त्याच्या वाटणीचं जेवण झाकून ठेवत असेल.

ऊन उतरल्यावर हे आले. परवानगी मिळाली नव्हतीच, हे बैठकीतून तसेच उठून आले होते. रस्त्यात मी एकच वाक्य बोलले, “वरातीमागून घोडं.”

तिसऱ्या मजल्यावर शिट्टीचं घर. दार उघडंच होतं आणि बाहेर चपलांचा ढीग. तो पाहिला आणि कळलं, बातमी आमच्याआधी पोचली होती. तरीही यांनी पाय जुळवले, ताठ उभे राहिले. ती आतून आली. डोळे कोरडे होते.

“तुम्ही आता काय न्यायला आलात, साहेब?”

यांना काही कळेना.

“सकाळी तुमचा स्टोअरकीपर येऊन गेला. ट्रकमधला माल दुसऱ्या गाडीत भरायचाय, मागच्या कुलपाची दुसरी किल्ली द्या म्हणाला. मी म्हटलं, यांच्या वस्तूंना मी हात लावत नाही, थांबा, फोन करून विचारते. तर म्हणाला, ‘त्यांना आता विचारता यायचं नाही, वहिनी.’ तरी मी किल्ली शोधून दिली. मग त्याला विचारलं, का विचारता यायचं नाही?”

मी यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असा चेहरा मी पाहिला नव्हता.

“किल्ली तुमच्या घरी असते, हे मीच सांगितलं,” हे म्हणाले. “बैठकीत मालकांनी विचारलं. मी सांगून टाकलं. लगेच माणूस पाठवतील, हे माझ्या ध्यानात आलं नाही.”

आडोसा घेतला नाही. तेवढं खरं बोलायला दुसऱ्या कुणाची जीभ रेटली नसती. पण त्या खऱ्याचा तिला काय उपयोग?

“ताईंना आत येऊ द्या,” ती म्हणाली. “तुम्ही नको.”

मी आत गेले. तिच्याजवळ बसले, तिचा हात हातात धरला.

बाहेर आले तेव्हा जिन्यातला दिवा लागला होता. माझ्यामागे आतून कुणीतरी दार लावून घेतलं. हे होते तिथेच, तसेच उभे. येणारेजाणारे अंग चोरून बाजूने जात होते. सकाळपासून साठवलेलं कितीतरी माझ्या ओठांवर होतं. सगळं खरं होतं. मी फक्त “चला” म्हटलं.

हे हलले नाहीत. त्या बंद झालेल्या दाराकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे वळले. पाय जुळवले. आणि अगदी हळू आवाजात, शिट्टीचं पूर्ण नाव घेऊन, तो आज पहाटे घाटात गेला आणि ही बातमी मी स्वतः घेऊन आलो आहे, असं ते सकाळपासून तयार केलेलं वाक्य शेवटपर्यंत मला सांगितलं.

मी ते ऐकून घेतलं. मग जिन्याच्या पायरीवर बसून मोठ्याने रडले. दिवसभरात त्या बातमीवर रडायला यांच्यासमोर दुसरं कुणी नव्हतं.